चुन्याची कड

"अगं माय! शेणानं सारवली का काय रे ही?"

गाडीभोवती एक फेरी मारून झाल्यावर आईनं दिलेला हा पहिला अभिप्राय. भाचा पुण्याहून गंगाखेडला आला होता, तो खास आजीला गाडी दाखवायला. गाडी जर्मन. दारं दोन, माणसंही दोनच. मागं नावाला एक जागा आहे. तिथं भाजीची पिशवी किंवा रुसलेलं पोर बसू शकतं. गाडी दुसऱ्या हातची. किंमत त्यानं सांगितली नाही आणि आम्ही विचारली नाही. दोन्ही बाजूंच्या प्रकृतीला ते बरं होतं.

मूळची ही गाडी लालभडक आणि अशी चकचकीत की तिच्यात बघून भांग पाडावा. भाच्यानं ती घेतली आणि महिन्याभरात तिच्यावर नखशिखांत एक पातळ प्लास्टिकचा कागद चिकटवून घेतला. त्याला रॅप म्हणतात. रंग हिरवट-तपकिरी, चकाकी शून्य. चकाकी घालवायला वेगळे पैसे पडतात, हे मला त्या दिवशी कळलं. आमच्या पिढीत वस्तूची चकाकी आपोआप जायची, फुकटात.

"आजी, मॅट ऑलिव्ह म्हणतात याला. फार कमी लोक करतात."

"व्हय का?" आई म्हणाली. "मग चुन्याची कड तरी ओढायचीस."

आईचं काही चुकलं नव्हतं. तिनं आयुष्यभर अंगण आणि भिंती सारवल्या. तिच्या नजरेला हा रंग एकाच गोष्टीचा असू शकतो, आणि सारवण म्हटलं की कड आलीच. कडेशिवाय सारवण म्हणजे तिच्या लेखी अर्धवट काम.

गल्लीत शिरतानाच गाडीनं गावाचं लक्ष वेधलं होतं, ते मात्र रंगामुळे नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गतिरोधक आहे. मोटारसायकलवाला त्यावरून उडतो, रिक्षावाला देवाचं नाव घेतो. या गाडीचं पोट जमिनीपासून वीतभरही उंच नाही. पुढची चाकं चढली आणि पोटाखालून असा आवाज आला की भाच्यानं डोळेच मिटले. मग चार पोरं धावली. "तिरकी घ्या भाऊ, तिरकी घ्या!" कुणीतरी बांधकामावरच्या दोन फळ्या आणून टाकल्या. ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर पळू शकणारी गाडी आमच्या दारापर्यंतचे शेवटचे पन्नास मीटर वीस मिनिटांत आली. बैलगाडी लवकर आली असती, असं एक म्हातारा म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता.

पण भाच्याला हसायचा मला तरी काय अधिकार? विकत घेतलेली गाडी जशीच्या तशी न वापरण्याचं वेड जुनं आहे, आणि आपल्या देशातलं त्याचं उदाहरण तर अस्सल राजेशाही आहे. १९१० च्या सुमारास कोलकात्याच्या मॅथ्यूसन नावाच्या एका इंग्रज गृहस्थानं इंग्लंडमधल्या ब्रूक कंपनीकडून एक मोटार बनवून घेतली. तिचं तोंड म्हणजे भलामोठा राजहंस. लांब मान, वर उचललेली चोच आणि डोळ्यांच्या जागी दिवे. समोर गर्दी असली की चोचीतून गरम वाफेचा फवारा उडे आणि माणसं बाजूला होत. इथवर ठीक होतं. पण हंस खराखुरा वाटला पाहिजे म्हणून मागच्या बाजूला एक झडप होती, आणि तिच्यातून अधूनमधून चुन्याचं पाणी रस्त्यावर पडायचं. हंसानं जाता जाता जे करावं, ते! कोलकात्याच्या रस्त्यांवर असा गोंधळ उडाला की पोलिसांना मध्ये पडावं लागलं. पुढे ही गाडी नाभाच्या महाराजांकडे गेली आणि आज ती नेदरलँड्समधल्या लाऊमन संग्रहालयात आहे. आईला हे सांगितलं तेव्हा तिला वाफेचं काही वाटलं नाही. ती म्हणाली, "बघ, त्यानं चुना तरी वापरला."

रात्री गच्चीवर भाचा मला गाड्यांचं शास्त्र शिकवत होता. लॅम्बोर्गिनी हे नाव मी त्याच्या तोंडून शंभर वेळा ऐकलं असेल. फेरुच्चो लॅम्बोर्गिनी हा माणूस आधी ट्रॅक्टर बनवायचा आणि मोटारींची कंपनी त्यानं १९६३ साली काढली, हे मला त्या रात्री समजलं आणि त्या माणसाविषयी एकदम आपुलकी वाटली. म्हणजे मूळ धंदा आमच्याकडचाच. भाचा पुढे म्हणाला की आता मोठमोठ्या कंपन्या स्पोर्ट्‌स कार मुद्दाम उंच करून विकतात. २०२२ साली पोर्शेनं नाइन-इलेव्हनची डकार नावाची आवृत्ती काढली. ती नेहमीच्या गाडीहून ५० मिलिमीटर उंच, आणि बनवायच्या ठरल्या फक्त २५००. त्याच वर्षी लॅम्बोर्गिनीनं ४४ मिलिमीटर उंच केलेली स्टेराटो आणली. खडी, माती, वाळू, कुठेही चालवा.

मी म्हटलं, "५० मिलिमीटर म्हणजे दोन इंच. गल्लीतल्या पोरांनी टाकलेल्या फळ्या तेवढ्याच जाड होत्या."

तो काही बोलला नाही.

खरं तर गाडी सजवण्याच्या बाबतीत गंगाखेडनं पुण्याकडून काही शिकायची गरज नाही. गळीत हंगामात कारखान्याच्या रस्त्याला उभं राहावं. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर येतो तो नवरदेवासारखा: टपाला झालरी, आरशांना गोंडे, बॉनेटवर देवाचं नाव, मडगार्डावर मुलांची नावं आणि मागं 'आईची कृपा'. वर दोन कर्णे. गाणं आधी येतं, मग ट्रॅक्टर, मग ऊस आणि सगळ्यात शेवटी त्या उसाच्या मोळ्या ओढून काढणारी पोरं. कंपनीतून हजारो ट्रॅक्टर एकसारखे बाहेर पडतात. पण आमच्या रस्त्यावर एकासारखा दुसरा दाखवा.

त्याच्याही आधी बैल होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद आणि तूप चोळायचं. दुसऱ्या दिवशी शिंगं रंगवायची, बेगड लावायची, अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळ, कपाळाला बाशिंग. या सजावटीला आरटीओची परवानगी लागत नसे.

मोटारीला लागते. मोटार वाहन कायदा १९८८ चा, आणि त्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मालकानं मनानं बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच बजावलं. रंग बदलता येतो, पण तो कार्यालयाला कळवून नोंदपुस्तकात चढवून घ्यावा लागतो. भाच्यानं तो चढवून घेतलाय. कारकुनानं 'ऑलिव्ह'चं मराठी काय करायचं म्हणून विचारलं, तेव्हा यानं 'शेवाळी' सांगितलं. आईला विचारलं असतं तर नोंद अधिक अचूक झाली असती.

कायद्यात न बसणारी हौसही आपल्याकडे भरपूर. नंबरातला २१४ असा वळवायचा की वाचणाऱ्यानं 'राम' वाचावं. ८०५५ चा 'बॉस' करायचा. बुलेटला असा सायलेन्सर लावायचा की मालक घरी आला हे तिसऱ्या गल्लीतल्या तान्ह्या बाळालाही कळावं. मग पोलीस असे सायलेन्सर काढून घेतात, रस्त्यावर ओळीनं मांडतात आणि त्यांवरून रोडरोलर फिरवतात. तरी पोरं नवा आणतात. मला वाटतं, त्या पोरांना आवाज नको असतो. हजार बुलेटमध्ये माझी कोणती, हे न बघता ओळखू यावं, एवढंच त्यांचं मागणं असतं.

आणि शेणाचं म्हणाल तर आई काळाच्या पुढे होती. २०१९ च्या उन्हाळ्यात अहमदाबादच्या एका बाईंनी आपली टोयोटा खरोखरच शेणानं सारवली होती, गाडी आतून थंड राहावी म्हणून. पाठोपाठ महाराष्ट्रातल्या एका डॉक्टरांनी आपल्या महिंद्राच्या गाडीला शेणाचे थर दिले. फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत आले. भाच्याला मी ते मोबाइलवर दाखवले. त्यानं रंग निरखून पाहिला, मग अंगणात जाऊन स्वतःच्या गाडीकडे पाहिलं आणि परत येऊन गप्प बसला.

गंगाखेडात शेणाला हसणं तसं जपूनच करावं लागतं. हे जनाबाईचं जन्मगाव. इथून ती लहानपणीच पंढरपूरला नामदेवांच्या घरी गेली आणि तिथं दळण, कांडण, झाडलोट आणि गोवऱ्या थापणं, यांत तिचं आयुष्य गेलं. तिची एक गोष्ट आई आम्हाला सांगायची, तीच तिनं त्या रात्री नातवाला सांगितली. कबीर जनाबाईला भेटायला आले, तर दोन बायका गोवऱ्यांवरून कडाकडा भांडताहेत. ढीग एक, गोवऱ्या सारख्या, कुणाची कोणती ते कळेना. त्यातली एक बाई म्हणाली, सोपं आहे, कानाला लावून बघा. जी विठ्ठल विठ्ठल म्हणेल ती माझी. कबीरांनी एकेक गोवरी कानाला लावली आणि ढीग वेगळा झाला. भांडणारी ती बाईच जनाबाई.

"म्हणजे सगळ्यात पहिला कस्टम सायलेन्सर," भाचा हळूच म्हणाला.

आईला सायलेन्सर कळला नाही. पण नातू गोष्ट ऐकून हसला, एवढं तिला पुरलं.

सकाळी निघायच्या वेळी ती वाटीत हळद आणि तूप कालवून बाहेर आली. भाच्याचा चेहरा पडला. मॅट कागदावर नुसतं पाणी पडलं तरी तो फडकं घेऊन धावतो.

"हिचा खांदा कुठं असतो रे?"

"आजी, खांदा नसतो. इंजिन मागं असतं."

"बैल मागं आन् गाडी पुढं?" आईनं क्षणभर विचार केला. "बरं, मग ओढत नसंल, ढकलत असंल." आणि मागं जाऊन तिनं उजव्या चाकावरच्या फुगीर भागावर पाच बोटं ओढली.

डाग निघाला नाही. पुण्यात रॅपवाल्यानं तेवढा तुकडा बदलून देतो म्हणून सांगितलं, पैसेही थोडेच होते. भाच्याचं 'बघू, बघू' अजून चालू आहे. फार कमी लोक करतात असं जे तो म्हणाला होता, तेही टिकलं नाही. त्याच्या सोसायटीच्या तळघरात आता त्याच रंगाच्या आणखी दोन गाड्या उभ्या असतात. तिथला दिवा बहुतेक वेळा बंदच असतो. रात्री उशिरा खाली उतरला की तो मोबाइलचा उजेड मागच्या चाकांवर टाकतो आणि हळद दिसेल ती गाडी उघडतो.