ओल्या सरपणाचा न्याय

जुन्या मोटारसायकलच्या सायलेन्सरमधून धूर निघाला की सिग्नलवर उभा असलेला प्रत्येक माणूस डॉक्टर होतो. शेजारचा रिक्षावाला मान बाहेर काढून "रिंगा गेल्या" म्हणतो, मागचा स्कूटरवाला "इंजिनचं काम निघालं" असं जाहीर करतो, आणि हिरवा दिवा लागायच्या आत रुग्णाचा निकाल लागलेला असतो. या घाईला तशी मोठी परंपरा आहे. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं समजावं, या एका उदाहरणावर आपल्या नैयायिकांच्या कित्येक पिढ्या पोसल्या. पण अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त त्याच उदाहरणाची उलटी बाजूही आहे, आणि तिथवर सिग्नलवरचं कोणी पोचत नाही. अग्नी असला म्हणून धूर असेलच असं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर व्हायला विस्तवाला ओलं सरपण भेटावं लागतं. आता मोटारसायकलच्या पोटात अग्नी आहे, यात बातमी ती काय? तो नसता तर आपण ती ढकलत असतो. ठणठणीत इंजिन म्हणजे तोच लोखंडी गोळा. ते धूर सोडू लागलं तर विचारायचं एवढंच, की ओलं काय शिरलं आणि कुठल्या दाराने शिरलं. काय शिरलं ते धुराचा रंग सांगतो, कुठून शिरलं ते धुराची वेळ सांगते. खर्च दारावर ठरतो, आणि भांडणं मात्र सगळी रंगावरून होतात.

रंगाचं काम खरं म्हणजे दोन मिनिटांत उरकण्यासारखं आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. चोक ओढलेला राहिला, एअर फिल्टर धुळीने बुजला, कार्ब्युरेटरच्या फ्लोटची पातळी वर चढली किंवा जेट-निडल झिजली, यातलं काहीतरी असतं. दुखणं दिसायला भयंकर आणि बहुधा स्वस्तातलं. पांढरा धूर थंडीच्या सकाळी निघाला आणि सायलेन्सर तापल्यावर थांबला, तर ती वाफ. रात्रभर सायलेन्सरमध्ये साचलेलं दव बाहेर पडतंय. अशा वेळी गंभीर चेहऱ्याने "हेड गॅस्केट फुटून पाणी शिरलंय" असं सांगणारे भेटतात. त्यांनी हे एखाद्या मोटारीबद्दल कधीतरी ऐकलेलं असतं आणि ते ज्ञान वाया जाऊ नये अशी त्यांची इच्छा असते. जुनी बुलेट किंवा शंभर सीसीची जुनी फोर-स्ट्रोक गाडी वाऱ्यावर थंड होते. तिच्यात पाणीच नसतं, तर ते शिरणार कुठून? राहिला निळसर धूर. त्याला कढईत तेल करपल्याचा वास येतो, कारण आत तेच चाललेलं असतं. इंजिन ऑइल जळतंय. इथपर्यंत सिग्नलवरचं वैद्यमंडळ बरोबर असतं. "म्हणजे रिंगा गेल्या" असं पुढे म्हटलं, की तर्कशास्त्र फुटपाथवर चढतं.

कारण जळणाऱ्या जागेत तेल यायला दारं दोन आहेत. एक खालचं: पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर झिजले की क्रँककेसमधलं तेल भिंतीवरून नीट पुसलं जात नाही आणि वर चढतं. दुसरं वरचं: व्हॉल्व्हची गाईड सैल झाली किंवा तिच्यावरचं रबरी सील कडक पडलं, की हेडमधलं तेल दांड्यावरून खाली झिरपतं. ही दोन दारं एकाच वेळी उघडी दिसत नाहीत, आणि वेळेचं महत्त्व आहे ते इथे. घाट चढताना, इंजिनावर जोर असताना सलग निळा धूर निघाला, तर संशय रिंगांवर घ्यावा. उतारावर थ्रॉटल बंद करून गाडी गिअरमध्ये सोडली आणि खाली पोचून थ्रॉटल पिळताच ढग उठला, तर संशय गाईडवर. बंद थ्रॉटलमुळे आतली ओढ वाढते आणि ती गाईडमधून तेल खेचून घेते. म्हणजे कसारा घाट चढताना आणि कसारा घाट उतरताना धूर काढणाऱ्या दोन गाड्यांचा रंग एकच असला तरी रोग वेगळे आहेत, आणि बिलंही. रात्रभर उभी राहून सकाळच्या पहिल्या किकेला धूर काढणारी आणि मग शहाण्यासारखी वागणारी गाडी हीसुद्धा बहुतेकदा वरच्या दाराचीच. रात्रभरात थेंब थेंब झिरपलेलं तेल ती सकाळी जाळून मोकळी होते.

लोखंडी सिलिंडरच्या जुन्या बुलेटने मात्र या दोन दारांना स्वतःचं तिसरं जोडलेलं आहे. तिची तेलाची टाकी क्रँककेसच्याच ओतीव अंगात असते. एक पंप तेल वर पोचवतो आणि दुसरा खाली जमलेलं तेल उपसून परत टाकीत टाकतो. गाडी बरेच दिवस उभी राहिली की टाकीतलं तेल झिजलेल्या पंपातून हळूहळू निसटून क्रँकखाली जाऊन बसतं. मालक सकाळी तेलाची काडी काढून बघतो, पातळी खाली दिसते, आणि मायेच्या माणसाने करावं तेच तो करतो: वरून तेल घालतो. मग किक बसते, दुसरा पंप खालचं सगळं तेल इमानाने टाकीत आणून टाकतो, टाकीत दोघांचं जेवण होतं, ब्रीदरच्या नळीतून ढेकर येतात आणि सायलेन्सर गल्लीभर धूर करतो. लगेच "पिस्टन गेला" असं ठरतं. पिस्टनचा अपराध एवढाच, की तो मायाळू घरात नांदत होता. काडी इंजिन चालवून झाल्यावर बघायची, हा या रोगावरचा बिनपैशाचा उपचार.

यावर पहिला आक्षेप येतो तो अनुभवाचा. मुरलेल्या मेकॅनिकला नुसता धूर बघून कळतं, त्याला तुमचं तर्कशास्त्र कशाला हवं? मला हे मान्य आहे, फक्त तो काय करतो ते नीट पाहावं. तो आधी विचारतो, "सकाळी मारते का चढाला?" मग प्लग काढून बघतो. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल, ओला तेलकट असेल तर ऑइल. एवढ्यानेही समाधान झालं नाही तर कॉम्प्रेशन मोजतो, प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडतो आणि पुन्हा मोजतो. आकडा चढला तर तेलाने रिंगांची फट बुजवली, म्हणजे गळती खाली होती; जागचा हलला नाही तर गळती वर, व्हॉल्व्हच्या बैठकीत. गाईडची सील या परीक्षेत सापडत नाहीत, कारण त्यांच्यामुळे दाब कमी होत नाही. त्यांच्यासाठी पुन्हा वेळेकडेच यावं लागतं. अनुभव म्हणतात तो हाच तर्क, वीस वर्षं ग्रीसमध्ये मुरलेला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो "खोललंच आहे तर" या तीन शब्दांत मांडला जातो. हेड उतरवलंच आहे तर रिंगाही घालू, रिंगा घालतोच आहोत तर बोअरही करून घेऊ. लग्नाच्या खरेदीला निघालेल्या कुटुंबाचं हेच तत्त्वज्ञान असतं. यातला अर्धा भाग खरा आहे: हेड खाली आलं असेल तर गाईड तपासल्याशिवाय ते परत चढवणं हा आळस झाला. बोअरची गोष्ट वेगळी. मोठ्या मापाचे पिस्टन साधारणपणे ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटर अशा पायऱ्यांनी मिळतात. सिलिंडरचं आयुष्य या चार पायऱ्यांचं. लेथवर खरवडलेलं लोखंड परत येत नाही. पाच-दहा मिनिटांच्या चौकशीने जे सील बदलून भागलं असतं, त्यासाठी एक पायरी उगाच खर्च होते. वर नव्या रिंगा बसेपर्यंत थोडा धूर येतोच, म्हणजे पैसे मोजूनही शेजाऱ्यांना फरक दिसत नाही.

तिसरा आक्षेप टू-स्ट्रोकवाल्यांचा. जुनी येझदी, राजदूत, जुनी चेतक यांच्या पेट्रोलमध्ये तेल आपणच माप लावून घालतो. तिथे धूर हा रोग नसून कुळाचार आहे. कबूल. पण कुळाचारालाही माप असतं. ठरल्या मापात तेल घालूनही ढग वाढत चालला आणि गिअरबॉक्समधलं तेल दर खेपेला कमी भरू लागलं, तर क्लचच्या बाजूचं क्रँकचं सील फाटून गिअरचं तेल चोरवाटेने आत चाललंय. प्रश्न तोच, फक्त घड्याळाऐवजी मापाला विचारायचा. शेवटी पीयूसीचं प्रमाणपत्र फडकावणारे उरतात. ते प्रमाणपत्र खोटं नाही. दुचाकीची तपासणी आयडलिंगवर होते: मार्च २००० नंतर बनलेल्या, पण बीएस-६च्या आधीच्या फोर-स्ट्रोकला कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ४,५०० पीपीएमपर्यंत चालतं, त्याआधीच्या गाड्यांना ४.५ टक्के आणि ९,०००. उभ्या गाडीला घाट नसतो. उपाशीपोटी काढलेली साखर दाखवून जिलबीचं समर्थन करावं, तसा हा पुरावा आहे.

एक अडचण मात्र खरी आहे. चालवणाऱ्याला स्वतःचा धूर दिसत नाही. चालवणारा कायम धुराच्या पुढे असतो. इतक्या महत्त्वाच्या खटल्यात मालक हा सर्वांत निरुपयोगी साक्षीदार ठरतो. त्यासाठी गॅलरीत रोज कपडे वाळत घालणाऱ्या आणि रोज तक्रार करणाऱ्या शेजारच्या काकूंकडे जावं. "सकाळी सातला सुरू होतो मेला धूर, दोन मिनिटं डोळे चुरचुरतात, मग थांबतो. संध्याकाळी येता तेव्हा काही नसतं," असं त्या सांगतील. वेळ, कालावधी आणि पुनरावृत्ती, सगळं एका दमात. रिंगांना हात लावायचं कारण नाही. तेलाची पातळी आधी बघा, मग व्हॉल्व्हची सील. आणि काकूंचे कपडे नव्याने धुऊन द्यायची तयारी ठेवा, कारण तपासणीचं शुल्क कुठेतरी भरावंच लागतं.