बिनआवाजाची दोरी

धुळ्यात, देवपूरच्या आमच्या गल्लीतून जाताना कुणी एकदम "थांब!" म्हणून ओरडलं तर दचकू नये. ते आप्पा असतात. आपण गाडी बंद करायची, उभं राहायचं आणि त्यांच्या अंगणाकडं कान द्यायचा. क्षणभरानं गोणपाटात काहीतरी रुतल्याचं 'धप्प' ऐकू येतं. मग प्रश्न येतो, तो मात्र पांझरेच्या पलीकडं ऐकू जाईल अशा पट्टीत: "आवाज ऊना का?"

ज्याला कामं आहेत त्यानं "नही ऊना, आप्पा" म्हणून निघावं. "ऊना" म्हणणाऱ्याला अंगणात बोलावलं जातं, पाणी दिलं जातं, आणि आवाज टणका होता, खरखर होती की नुसता गुणगुणाट, याचा जबाब घेतला जातो. वहीत लिहून घेतात, आणि खाली सही मागतात.

आप्पांना स्वतःला तो आवाज ऐकू येत नाही. त्यांना फारसं काहीच ऐकू येत नाही. उभी नोकरी त्यांनी धरणगावकडच्या एका जिनिंगात फिटर म्हणून काढली. डबल रोलरच्या रेच्यांची रांग सुरू झाली की त्या शेडमध्ये माणसं हातवाऱ्यांनीच बोलतात. रेच्यांनी कापसातून सरकी काढली, आणि जाता जाता आप्पांचे कानही काढून घेतले. एवढ्या गोंगाटात वाढलेल्या माणसानं निवृत्तीनंतर जगातली सगळ्यात गप्प दोरी बनवायचं मनावर घ्यावं, यात मला तरी काही आश्चर्य वाटत नाही. आश्चर्य एवढंच, की ती गप्प झाली की नाही हे त्यांना गल्लीला विचारावं लागतं.

दोरी क्रॉसबोची. म्हणजे बंदुकीच्या दस्त्यावर आडवं बसवलेलं धनुष्य. दोरी मागं ओढून खटक्यात अडकवायची, पुढच्या पन्हळीत आखूड बाण ठेवायचा आणि चाप दाबायचा. पुतण्यानं पुण्याहून हौसेनं आणला, अंगणातल्या गोणीवर चार बाण मारले आणि कंटाळून आप्पांकडं ठेवून गेला. आप्पांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि त्यांच्यातला फिटर जागा झाला. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची यंत्रं आहेत: ज्यांची निगा राखली जाते ती, आणि ज्यांच्यावर लोकांनी अन्याय केलेला असतो ती. पुतण्याचा क्रॉसबो दुसऱ्या प्रकारात निघाला. दोरीला तूस सुटलं होतं.

तेव्हापासून आप्पांचं वेळापत्रक ठरलेलं आहे. सकाळचा चहा झाला की दोरी डोळ्यांजवळ धरून तपासायची. एखादा धागा तुटलेला दिसला तर त्या दिवशी घरात सुतकच. तूस दिसलं तर मेण लावायचं. मेण लावून नुसतं सोडायचं नाही. चामड्याच्या तुकड्यात दोरी धरून गरम होईस्तोवर चोळायची, म्हणजे ते धाग्यांच्या पोटात जातं. मात्र दोरीच्या मधल्या भागावर, जिथं वरून आणखी एक दोरा गच्च गुंडाळलेला असतो आणि जो पन्हळीवर घासत जातो, तिथं मेणाचं बोटही लावायचं नाही. तिथं बारीक तेलाचा थेंब. मेण तिथं गेलं की घासून खटक्यात उतरतं, धूळ धरतं आणि खटका चिकटतो. एका शेजाऱ्यानं मदत म्हणून सगळ्या दोरीला सरसकट मेण फासलं होतं. आप्पांनी पाडव्यापर्यंत त्याच्याशी अबोला धरला, आणि आप्पांचा अबोला ही गल्लीला मिळालेली मोठीच सुट्टी होती.

सुटलेलं तूस काडी ओढून जाळावं, असा सल्ला देणारेही भेटतात. अशा माणसाला आप्पा खुर्ची देऊन बसवतात. हा धागा सुताचा नाही की तागाचा नाही. बाजारातल्या कॅरीबॅगच्याच कुळातलं हे पॉलिथिन, पण वजनाच्या हिशेबात पोलादी तारेला मागं टाकणारं. दीडशे अंशांच्या आतच वितळतं. "कॅरीबॅगच आहे, पण शिकून मोठ्या पदावर गेलेली," आप्पा म्हणतात. "तिला काडी दाखवतो का कोणी?"

उन्हाळ्यात तर आप्पांचे हालच. मे महिन्यात धुळे-जळगावचा पारा पंचेचाळिसाकडं सरकतो, पत्र्याखालचं मेण लोण्यासारखं होतं आणि दोरीवर सगळ्या खान्देशची धूळ येऊन बसते. मग मेणाची डबी माठाशेजारी ओल्या फडक्यात जाते. घरच्यांना माठातलं पाणी घ्यायचं तर डबीला धक्का न लावता घ्यावं लागतं.

निगा झाली की आवाजाचं प्रकरण सुरू. यातलं शास्त्र आप्पांकडून ऐकावं, कारण ते खरोखर पक्कं आहे. ताणलेल्या धनुष्यातली ताकद बाण सगळी घेऊन जात नाही. जी उरते ती दोरीत आणि दोन्ही पात्यांत थरथरत राहते, आणि थरथर म्हणजेच आवाज. बाण हलका असेल तर उरलेली ताकद जास्त, म्हणून आवाजही जास्त. बिनबाणाचा चाप ओढला तर सगळीच ताकद धनुष्यावर उलटते आणि पातं फुटू शकतं. बाण सेकंदाला ९० मीटरच्या आसपास जातो, आवाज ३४० मीटर. म्हणजे तीस मीटरवरच्या हरणापाशी बाणाच्या आधी त्याची बातमी पोहोचते. हरीण उडी मारायला म्हणून पाय मोडून खाली दबतं आणि बाण पाठीवरून निघून जातो. त्यावर उपाय म्हणून दोरीत रबराच्या मिशा बांधायच्या, वजनदार बाण घ्यायचा, ढिले स्क्रू आवळायचे. आप्पांनी रबराच्या मिशा लावल्या, मग लोकरीचे गोंडे लावून पाहिले. नातवाची कानटोपी त्यात गेली.

"पण आप्पा, हरीण कुठं आहे?" असं मी एकदा विचारलं.

"नाही."

"असतं तर?"

"असतं तरी मारता येत नाही. बहात्तरचा कायदा आहे."

कायदा त्यांना मुखोद्गत आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२. हरीण सोडा, त्यांच्या भावाच्या मक्यात दर हंगामाला नांगर फिरवून जाणारं रानडुक्करसुद्धा वनखात्याच्या परवानगीशिवाय मारता येत नाही. पंचनामा करायचा आणि भरपाईचा अर्ज द्यायचा. आप्पा तो अर्ज सुवाच्य अक्षरात भावाला लिहून देतात. त्यांची सगळी शिकार अशी 'असतं तर'मध्ये चालते. "मारायचं नाहीच," ते म्हणतात, "पण मारायचं असतं ना, तर त्या डुकराला कळलंसुद्धा नसतं." डुकराच्या गैरसोयीची एवढी काळजी करणारा शिकारी मी दुसरा पाहिलेला नाही.

या एका कसोटीवर आप्पांनी पुराणंही तपासून घेतली आहेत. आपल्याकडं धनुष्याच्या टणत्काराचं केवढं कौतुक! वीरानं दोरी छेडली की शत्रूचं काळीज हललं पाहिजे. आप्पांच्या मते ही शुद्ध बेफिकिरी होती आणि त्या काळी कुणाला विचारायची सोय नव्हती. रामनवमीच्या कीर्तनात बुवा शिवधनुष्याच्या भंगाशी आले आणि आप्पा मांडी बदलून पुढं सरकले. उत्तररंग संपल्यावर त्यांनी बुवांना गाठलं. वाल्मीकींनी लिहिलंय ना, ते धनुष्य आठ चाकांच्या पेटीत ठेवलेलं होतं? पेटी ओढायला हजारो माणसं लागली? "मग बरोबर आहे. पेटीतच पडून. कोण मेण लावणार? तपासणी न करता ओढलं, तुटलं. रामाचा दोष नाही म्हणा, जनकाच्या स्टोअरकीपरचा आहे." बुवांनी आरतीचं तबक पुढं केलं.

एकलव्यावर मात्र त्यांची निष्ठा आहे. पांडवांच्या कुत्र्याच्या तोंडात त्यानं सात बाण मारले, ही गोष्ट सगळ्यांनाच ठाऊक. आप्पांचा मुद्दा त्याच्या आधीचा आहे. कुत्रं भुंकलं ते एकलव्याला पाहून. आवाज ऐकून नव्हे! म्हणजे इतका वेळ तो तिथं सराव करत होता आणि कुत्र्याच्या कानालाही पत्ता नव्हता. "याला म्हणतात दोरी." या अर्थाला कुठल्या भाष्यकाराचा आधार आहे ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना ऐकू आलं नसतं.

इतिहासही याच वाटेनं जातो. १८२५ साली लेफ्टनंट औट्रमनं खान्देशात भिल्ल पलटण उभी केली आणि तिचं ठाणं धरणगावला ठेवलं. आप्पांचं जिनिंग त्याच भागातलं, त्यामुळं हा विषय ते घरच्यासारखा बोलतात. "साहेबानं तीरकामठा काढून हातात बंदूक दिली," ते म्हणतात, "तिथून खान्देशची शांतता गेली." शांतता शब्दशः.

भोंगऱ्याच्या बाजाराला एका वर्षी आप्पा मुद्दाम गेले. होळीच्या आधीच्या आठवड्यात शिरपूर, चोपडा भागात सातपुड्याखालचे पावरा, भिल लोक नटूनथटून या बाजारांना उतरतात. ढोल इतके वाजतात की आप्पांनाही ऐकू आले. तिथं खांद्याला तीरकामठा लावलेले एक म्हातारबा त्यांना सापडले. आप्पांनी ते धनुष्य हातात घेतलं आणि दोरी पाहून थबकलेच. दोरी बांबूची! कामठाही बांबूचा आणि त्याची दोरीही बांबूचीच, वरच्या हिरव्या सालीची चिवट कांब तासून काढलेली. धागा नाही, पीळ नाही, तूस नाही.

"बाबा, याला काय लावता?"

"काही नाही."

"मेण?"

"नाही."

"मग सुकून चिरली तर?"

"दुसरी काढतो."

"आणि आवाज?"

बाबांनी एकदा ढोलांकडं पाहिलं, एकदा आप्पांकडं पाहिलं, आणि मोठ्यानं हसले. शिकारीचं विचारलं तेव्हा म्हणाले, आता शिकार कसली, नातू वनखात्यात रोजंदारीवर आहे. तीरकामठा सणाला आणि ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या मिरवणुकीला. आप्पा परतीच्या एसटीत शिरपूर येईपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, "दुसरी काढतो! असं कसं दुसरी काढतो?" निगा राखायला काही शिल्लकच नसलेली वस्तू त्यांनी जन्मात पहिल्यांदा पाहिली होती. तो धक्का अजून ओसरलेला नाही.

टीव्हीवर तिरंदाजी लागली की गल्लीतली पोरं आप्पांकडं जमतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेनं अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेतले. पोरं नाचत होती. आप्पा पडद्याला नाक लावून धनुष्य बघत होते. "दोरी थांबवायची दांडी बघ, तिच्या टोकाला रबर बघ! नाहीतर कानठळ्या बसल्या असत्या." शेवटचा बाण कुठं लागला हे त्यांना दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कळलं.

या सगळ्यात त्यांनी स्वतः किती बाण मारले हा नाजूक प्रश्न आहे. दोरी सिद्ध झाल्याशिवाय सराव नाही, आणि दोरी सिद्ध होत नाही. मारला जातो तो चाचणीचा एकच बाण, तोही गल्लीतून कुणी जात असेल तर. तो गोणीत कुठंही लागला तरी चालतो. एकदा गोणीला चुकवून तुळशी वृंदावनाच्या बुंध्याशी रुतला, तेव्हा आप्पांनी आधी विचारलं, "आवाज ऊना का?"

"दोरीना नही," काकू आतून म्हणाल्या, "तुमना ऊना."

काकूंची बाजू कुणी मांडत नाही, म्हणून सांगतो. घरात ओसरीवर सागवानी बंगई आहे, सासूबाईंच्या वेळची. तिच्या कड्या अशा करकरतात की काकू झोक्यावर बसल्या की शेजारच्या घरात कळतं. तेल घाला म्हणून त्या कित्येक वर्षं सांगत आहेत. आप्पांना ती करकर ऐकू येत नाही, त्यामुळं तक्रारीत तथ्य आहे असं त्यांना वाटत नाही. गेल्या श्रावणात काकूंनी क्रॉसबोच्या पन्हळीचं ते महागडं तेल, पुतण्यानं पुण्याहून खास पाठवलेलं, चारही कड्यांत ओतून टाकलं. बंगई गप्प झाली. आप्पांना कळलं ते बाटली रिकामी दिसल्यावर.

ते रागावले नाहीत. कडीजवळ कंदील धरून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "कडीला हे तेल चालत नाही. हिला ग्रीस लागतं. आणि आधी ही साफ करावी लागेल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बंगई खाली उतरवली. कड्या रॉकेलमध्ये भिजत घातल्या, आकडे घासले, फळीची चूल तपासली आणि प्रत्येक भागाला खडूनं नंबर दिले. ते नंबर अजून आहेत, बंगई अजून खालीच आहे. काकू प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात. परवा मी गेलो तेव्हा आप्पांनी मला एक सुटी कडी हातात दिली, डोळे मिटायला सांगितले, आणि आकड्यात फिरवून विचारलं...

मी लगेच "नही ऊना" म्हणून टाकलं.

"अरे, अजून फिरवलीच नाही," आप्पा म्हणाले, आणि वही काढली.