ओढेसाहेब, रस्ता मोकळा करा

प्रति,
मा. ओढेसाहेब,
पूर्वीचा पत्ता : शेताच्या बांधालगत; सध्याचा : आयटी पार्कचा रस्ता,
हिंजवडी, ता. मुळशी, जि. पुणे.

विषय : सार्वजनिक रस्त्यावर आपण केलेल्या अतिक्रमणाबाबत.

महोदय,

मी इथला एक सदनिकाधारक. आमची इमारत आपल्याच काठी आहे. काठ कुठं संपतो आणि आपण कुठं सुरू होता हे मला फार उशिरा कळलं, कारण फ्लॅट पाहायला आलो होतो तो उन्हाळ्यात. माहितीपत्रकात ‘निसर्गाच्या कुशीत’ असं छापलेलं होतं. कुशीत घ्यायला निसर्ग स्वतः पार्किंगमध्ये उतरेल, हे छापायचं राहून गेलं असावं.

७ जून २०२५चा शनिवार आपल्याला आठवत असेल. त्या दिवशी आपण नि आपली भावंडं आयटी पार्कच्या रस्त्यांवर उतरलात. पाण्यातून वाट काढणाऱ्या गाड्यांची चित्रफीत देशभर फिरली आणि लोकांनी आयटी पार्कचं ‘वॉटर पार्क’ करून टाकलं. सरकारनं राजीव गांधींचं नाव दिलेल्या वसाहतीत असं वागणं शोभतं का?

आता मुद्द्याचं. आपल्याकडे जागेचे कागद आहेत का? मी सातबारा पाहिला. त्यात आपण मालक नाही, कूळ नाही, वहिवाटदारही नाही. आपली नोंद कुठं असलीच तर ‘पोटखराबा’ या रकान्यात, म्हणजे सरकारी भाषेत जिथं काही पिकत नाही ती जागा. गावनकाशात आपण आहात, पण वाकड्यातिकड्या रेघेसारखे. अशा रेघेवर चौकोनी इमारत बसवायची म्हणजे आर्किटेक्टला किती ताप! म्हणून आपल्याला कुठं सरळ केलं, कुठं काटकोनात वळवलं, कुठं पाइपात घातलं, तर कुठं भराव टाकून कायमची विश्रांती दिली. हे माझ्या मनाचं नाही. त्या पावसानंतर पीएमआरडीएनं (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानं) पाहणी केली, तेव्हा नैसर्गिक प्रवाह अडवल्याचं आणि वळवल्याचं आढळलं, नोटिसाही निघाल्या. पण त्या निघाल्या अडवणाऱ्यांना. वाहणाऱ्याला एकही नाही. ही उणीव मी या पत्रानं भरून काढतो आहे.

दुसरी तक्रार हद्दीची. आपण टेकडीकडून निघता आणि मुळेला जाऊन मिळता. एवढ्याशा वाटेत ग्रामपंचायत लागते, एमआयडीसी लागते, पीएमआरडीए लागते, कुठं सार्वजनिक बांधकाम खातं, कुठं मेट्रोचे खांब. वाकडकडे सरकलं की पिंपरी-चिंचवड महापालिका. जगात जी पुण्याची म्हणून ओळखली जाते ती हिंजवडी पुणे महापालिकेत नाही आणि पिंपरी-चिंचवडमध्येही नाही. माण, मारुंजीसह सात गावं पिंपरी-चिंचवडमध्ये घ्यावीत ही मागणी कित्येक वर्षं भिजत पडली आहे. आम्ही एका हद्दीतली तक्रार दुसऱ्या हद्दीत नेली, तर ‘हे आमच्याकडे येत नाही’ असं ऐकून निमूट परत फिरतो. आपण मात्र एकाही हद्दीवर थांबत नाही, आवक-जावक नोंदवहीत सही करत नाही, थेट पुढं जाता. आणि पुढं जाता आलं नाही की मागं येता. हे नियमाला धरून नाही.

आपली देखभाल होत नाही, असंही कुणी म्हणू नये. नालेसफाई म्हणजे काय, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मे महिन्यात जेसीबी येतो, गाळ उपसतो, तिथंच काठावर ढीग लावतो, फोटो निघतो. गाळ ओला असतो, वाळल्यावर उचलू म्हणतात. तो वाळतोय तोवर पाऊस येतो आणि गाळ मूळ जागी पुन्हा रुजू होतो. बदली रद्द झालेल्या माणसासारखा. रस्त्याकडेच्या पावसाळी गटाराच्या जाळ्यांचीही तीच कथा. आमच्या कोपऱ्यावरची जाळी रस्त्यापेक्षा चांगली चार बोटं उंच आहे. आत शिरायचं तर पाण्याला आधी चढ चढावा लागतो. आतून कुणाच्या तरी इंटरनेटची केबल गेली आहे आणि तिला प्लास्टिकच्या पिशव्यांचं तोरण लागलं आहे.

थोडा हिशेबही मांडतो. एक हेक्टर जागा, सगळी काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉकची. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर तिच्यावर पाच लाख लिटर पाणी पडतं, म्हणजे दहा हजार लिटरचे ५० टँकर. इथं भातखाचर असतं तर बांधानं त्यातलं बरंचसं अडवून जिरवलं असतं. (शरद पवारांनी जाहीरपणे सांगितलेली आठवण खरी मानायची तर इथं आधी साखर कारखाना व्हायचा होता. तो झाला असता तर आपण आज उसाच्या सरीत मुकाट वाहत असता.) एप्रिल-मेमध्ये आमची सोसायटी टँकरवाल्याच्या हातापाया पडते. जूनमध्ये तेच पाणी आपण फुकट आणून देता, आणि आम्ही भाड्यानं पंप आणून ते बाहेर फेकतो. यापुढं पुरवठा मे महिन्यातच, थोडा थोडा, पावतीसह करावा ही विनंती.

आपल्या भाऊबंदांची कीर्तीही काही चांगली नाही. तासाला २५ मिलिमीटर पावसापुरती असलेली मुंबईची गटारं ५० मिलिमीटर पेलतील अशी करा, असं तिथल्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्यावरचा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल १९९३ मध्येच सांगून बसला होता. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदी आहे हे मुंबईला नव्यानं कळलं. पुण्यात आंबिल ओढ्याला तर पेशवाईतच वळवलं होतं. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री तो काठच्या वस्त्यांतून, सोसायट्यांच्या भिंती पाडत गेला. त्या पुरात वीसहून जास्त माणसं गेली. इथं माझी लेखणी जरा अडखळते. त्या रात्री कुणी कुणावर अतिक्रमण केलं होतं, हे या पत्राच्या नमुन्यात कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला कळत नाही. तो रकाना कोरा सोडतो.

तरी आपण सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा. सोबत आपल्या रुंदीचा अधिकृत मोजणी नकाशा जोडावा. पावसाळ्यातली रुंदी धरू नये, फेब्रुवारीतली धरावी. खुलासा समाधानकारक न वाटल्यास आपल्याला आणखी कमी व्यासाच्या पाइपात घालण्यात येईल.

आपला,
तळमजल्यावरचा एक रहिवासी

ता.क. : खुलासा टपालानंच पाठवावा. समक्ष येऊ नये. मीटरची खोली तळमजल्यावरच आहे.