नॅनोबा

सी भाषेत आकडेमोड करणाऱ्या प्रत्येक कंपनीत एक नॅनोबा असतात. आमचे हिंजवडीत चौथ्या मजल्यावर, एसीच्या थेट झोतात, स्वेटर घालून बसतात. तोंडावर ‘सर’, पाठीमागे ‘नॅनोबा’. शून्याला शून्याने भागलं की प्रोसेसर ‘नॅन’ नावाचं, आकडाच नसलेलं उत्तर हातावर ठेवतो. त्या नॅनशी यांचं जन्माचं वैर.

वैर तसं रास्त आहे. आयईईई ७५४ या १९८५च्या मानकाने फ्लोटिंग पॉइंटच्या गणितात पाच गुन्हे ठरवून दिले: अवैध क्रिया, शून्याने भागाकार, ओव्हरफ्लो, अंडरफ्लो आणि इनएक्झॅक्ट. पण गुन्हेगाराला धरायचं नाही. एक फ्लॅग वर करायचा आणि हिशोब पुढे रेटायचा, असा मूळ रिवाज. फ्लॅग कोणी उतरवेपर्यंत वरच राहतो, पण बघतो कोण? नॅन मात्र बेरजेत शिरलं की दुधात मिठाचा खडा. वर ते निगरगट्ट. मोठं आहेस का, लहान आहेस का, निदान स्वतःएवढं तरी आहेस का, यांतलं काहीही विचारा, उत्तर ‘नाही’. तापमान मर्यादेच्या वर गेलंय का? नाही. मग भोंगा कशाला वाजेल?

म्हणून नॅनोबा मेनच्या पहिल्याच ओळीत ‘फीइनेबलएक्सेप्ट’ लिहितात. गुन्हा झाला की प्रोग्राम जागच्या जागी मेला पाहिजे. पोरं ती ओळ हळूच काढतात, हे हळूच परत घालतात. एकदा जोशात त्यांनी इनएक्झॅक्टचाही सापळा लावला. ०.१ मध्ये ०.२ मिळवल्याबरोबर प्रोग्राम गेला. “नियमाने गेला,” नॅनोबा समाधानाने म्हणाले. हॉटेलात हजाराचं बिल तिघांत वाटायची वेळ आली, तर “इनएक्झॅक्ट!” असं पुटपुटल्याशिवाय त्यांचं पाकीट उघडत नाही.

एका नव्या पोराने सिगएफपीई हा सिग्नल पकडला, लॉगमध्ये ‘भागाकारात चूक’ एवढं लिहिलं आणि हँडलर संपवला. जेवून येईपर्यंत लॉगने डिस्क भरली. नॅनोबांनी खुर्ची ओढली, जीडीबी उघडला आणि स्क्रीनवरच्या ‘डिव्हएसडी’वर बोट टेकवलं.

“हँडलर संपल्यावर कुठे परत जातोस?”

“पुढच्या ओळीवर, सर.”

“पुढच्या? अरे, तो अजून ह्याच भागाकारावर उभा आहे. तोच भागाकार, तेच शून्य, तोच सिग्नल. प्रलयापर्यंत.”

“मग काय करू?”

“सिगलाँगजंप मार. नाहीतर सरळ मरू दे. मेला तर कोअर डंप तरी मिळतो.”

दुसऱ्या एकाला टर्मिनलवर ‘फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन’ दिसलं. त्याने दिवसभर फ्लोट शोधले. प्रोग्राममध्ये एकही नव्हता. इंटेलवर पूर्णांकाला शून्याने भागलं तरी लिनक्स हीच आरोळी ठोकतो. ते शून्य सापडलं तेव्हा नॅनोबा इतके खूश झाले, की चहाचे पैसे त्यांनी दिले. (या घटनेची ऑफिसात अजून चर्चा होते.) पुढे कंपनीने सर्व्हर एआरएमवर न्यायचं ठरवलं, तेव्हा मात्र त्यांनी सुतक पाळलं. तिथे पूर्णांकाला शून्याने भागलं की उत्तर मुकाट्याने शून्य येतं, आणि त्या मशीनवर लाडक्या फीइनेबलएक्सेप्टने उणे एक परत केला. सापळ्याची सोयच नाही!

दर ४ जूनला नव्या भरतीला एरियन ५ची कथा ऐकावी लागते. १९९६ साल. आडव्या वेगाशी निगडित एक ६४ बिटांचा फ्लोट १६ बिटांच्या पूर्णांकात कोंबला, तो मावला नाही, एक्सेप्शन उठलं, ते झेलायला कोणी नव्हतं. ४० सेकंदांच्या आसपास रॉकेटचे तुकडे. यंदा एक मुलगी म्हणाली, “पण सर, एक्सेप्शन आल्यावर तो कॉम्प्युटर बंद पडला म्हणूनच घात झाला ना? तुम्ही तर म्हणता, थांबलंच पाहिजे.”

नॅनोबा गप्प. चष्मा पुसला आणि जागेवर जाऊन बसले.

ते मूळचे ८०८७च्या घराण्यातले. त्या घराण्याची एक खोड आहे: चूक होते एका सूचनेवर आणि बोंब उठते पुढच्या फ्लोटिंग पॉइंट सूचनेवर, जिचा काडीचाही दोष नसतो. दुसऱ्या दिवशी कॉफी मशीनपाशी एचआरच्या साध्याभोळ्या गृहस्थांनी त्यांना विचारलं, “सर, साखर किती?”

“थांबायचं ते जमिनीवर, चाचणीत!” नॅनोबा कडाडले. “कोड जुन्या एरियन ४चा तसाच उचलला, पण ४चा मार्ग वेगळा, ५चा वेगळा! नव्या मार्गाचे आकडे घालून तो भाग तपासलाच नव्हता! आणि उड्डाणानंतर तर त्या हिशोबाची गरजच नव्हती!”

गृहस्थांनी घाबरून दोन चमचे घातले.