फोल्डर उघडेना: नवशिक्यांसाठी तातडीची मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका फक्त नवशिक्यांसाठी आहे. नवशिका म्हणजे ज्यानं वर्षानुवर्षं रोज आउटलुक किंवा थंडरबर्ड वापरलं, पण त्यातल्या मेल नेमक्या कुठं राहतात हे विचारायची ज्याला कधी गरज वाटली नाही, तो. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरींच्या ऑफिसात असा एक जण सापडतोच, आणि बहुधा एक्स्पोर्टचं सगळं तोच बघत असतो.

लागणारं साहित्य: एक बाहेरची हार्डडिस्क, बॅटरी जिवंत असलेला यूपीएस आणि मालकांना केबिनमध्येच थोपवून धरेल असा एक माणूस. मुहूर्त बघायची गरज नाही, तो फोल्डरच काढतो. बँकेत एल.सी.ची कागदपत्रं द्यायची आहेत आणि कंटेनर न्हावा-शेव्याच्या वाटेला लागलाय, असा दिवस त्याला विशेष मानवतो.

पायरी पहिली: काहीही करू नका

ही सगळ्यांत अवघड पायरी. स्क्रीनवर चौकट आली की टेबलाभोवती चार जण जमतात आणि चौघंही एकच सांगतात, ‘‘बंद करून चालू कर की बे!’’ दुःखाची गोष्ट अशी की हा सल्ला कधीकधी बरोबर निघतो. आउटलुकची खिडकी बंद झाली तरी प्रोग्राम मागं चालूच राहतो आणि फाइल धरून बसतो. मग नव्यानं उघडताना ‘फाइल दुसरीकडं वापरात आहे’ असं उत्तर मिळतं. टास्क मॅनेजरमध्ये जाऊन त्याला बंद केलं की काम होतं. कॉम्प्युटर रिस्टार्ट केल्यावरही हेच होतं, फक्त श्रेय सल्ला देणाऱ्याला जातं.

पायरी दुसरी: फोल्डर खरंच बिघडलाय का?

निम्म्या तक्रारींत फोल्डर ठणठणीत असतो. उदाहरणार्थ, आपल्याकडं फोल्डरला आर्थिक वर्षाचं नाव द्यायची रीत आहे. तुम्ही श्रद्धेनं ‘२०२३/२४’ असं टाइप करता. आयमॅप पद्धतीच्या बऱ्याच सर्व्हरांना ती तिरकी रेघ म्हणजे फोल्डरातला फोल्डर वाटते. मग एक तर नाव नाकारलं जातं, नाहीतर ‘२०२३’ नावाचा फोल्डर आणि त्याच्या पोटात ‘२४’ जन्माला येतो. काही सर्व्हर हाच अर्थ टिंबाला लावतात. आडवी रेघ वापरा. चार्टर्ड अकाउंटंटची हरकत नसते.

फोल्डराचं नाव मराठीत ठेवलं असेल आणि एखाद्या जुन्या प्रोग्राममध्ये त्याच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसला, तर तो व्हायरस नव्हे. आयमॅपमध्ये देवनागरी नावं अशीच गुंडाळून पाठवायची पद्धत आहे. ज्या प्रोग्रामला ती उलगडता येत नाहीत, तो तशीच दाखवतो. कृपया ‘दुरुस्त’ करू नका.

पाठवलेली मेल सापडत नसेल तर ‘सेंट’, ‘सेंट आयटम्स’ आणि ‘सेंट मेल’ असे तिन्ही फोल्डर उघडून बघा. फोन एकात ठेवतो, ऑफिसातला कॉम्प्युटर दुसऱ्यात. तिसरा मागच्या क्लार्कच्या काळातला.

पायरी तिसरी: मेल राहतात कुठं?

डावीकडं दिसणारे पिवळे फोल्डर हे चित्र आहे. आउटलुकमध्ये पॉप पद्धतीचं खातं असेल तर इनबॉक्स, सेंट, जर्मनीचा गिऱ्हाईक, दुबईचा गिऱ्हाईक, सगळे मिळून एकाच पीएसटी फाइलीत कोंबलेले असतात. बऱ्याच ऑफिसांत सर्व्हरवरची प्रत कधीच पुसली गेलेली असते, म्हणजे ती फाइल गेली की सगळंच गेलं. आयमॅप किंवा एक्स्चेंज असेल तर ओएसटी फाइल असते. ती सर्व्हरवरच्या मालाची नक्कल. वेबवर लॉगिन करून सगळ्या मेल दिसतायत याची खात्री केली, तर ओएसटी बाजूला काढता येते आणि आउटलुक नवी बनवून घेतं. हा फरक अकाउंट सेटिंग्जमध्ये दोन मिनिटांत कळतो. लोक तो बघत नाहीत आणि ओएसटीचा उपाय पीएसटीवर करून मोकळे होतात.

पायरी चौथी: कॉपी

प्रोग्राम पूर्ण बंद करा. फाइल हार्डडिस्कवर कॉपी करा. मालक आत आले तर ‘‘चालू आहे, साहेब’’ म्हणा. कॉपी पूर्ण होईपर्यंत पुढचा परिच्छेद वाचायला मनाई आहे.

पायरी पाचवी: दुरुस्ती

थंडरबर्डवाले नशीबवान. तिथं नेहमीच्या मांडणीत प्रत्येक फोल्डराची एक मोठी फाइल असते आणि शेजारी एमएसएफ नावाची छोटी सूची. बहुतेक वेळा बिघडते ती सूची. जॅकार्ड मागावरची भोकांची कार्डं मागंपुढं झाली तर चादरीवर मोराऐवजी भलतंच काही उमटतं, पण सूत शाबूत असतं, तसलाच प्रकार. फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जा, ‘रिपेअर फोल्डर’ दाबा. सूची नव्यानं विणली जाते. जाता जाता ‘कॉम्पॅक्ट’ही करून घ्या, कारण तोवर डिलीट केलेल्या मेल नुसत्या लपवलेल्या असतात, जागा अडवून.

आउटलुकवाल्यांसाठी स्कॅनपीएसटी नावाचा दुरुस्तीचा प्रोग्राम ऑफिसबरोबरच येतो आणि ऑफिसच्या फोल्डरात अशा जागी ठेवलेला असतो की गरजवंताला तो सहजी सापडू नये. सापडला की फाइल दाखवा आणि बॅकअप घ्यायच्या चौकटीतली खूण काढू नका. आठ टप्पे मोजत तो बसतो. पट्टी मध्येच थांबते, एप्रिलमधली दुपार असेल तर तुम्हीही थांबता. वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून. फाइल अर्धवट बंद होणं हेच तर बऱ्याच बिघाडांचं मूळ, म्हणून साहित्यात यूपीएस आहे.

आकारही बघून ठेवा. आउटलुक २००२ पर्यंतच्या पीएसटीला २ जीबीची वेस होती. ती ओलांडलेल्या फाइलीसाठी मायक्रोसॉफ्टनं एक हत्यार काढलं होतं: ते फाइलीच्या शेपटाकडून साधारण २०-२५ एमबी चक्क कापून टाकायचं, त्यात काय गेलं ते तुमचं नशीब, आणि उरलेल्यावर स्कॅनपीएसटी चालवायचं. २००३ पासून मर्यादा २० जीबी झाली, २०१० पासून ५०. माणसं कमी पडली नाहीत. टॉवेलच्या प्रत्येक डिझाइनचे फोटो, तेही पाच जणांना सीसी करून, असा पुरवठा चालू असताना ५० जीबी म्हणजे काय!

तीच पीएसटी मालकांच्या कॉम्प्युटरवर ठेवून नेटवर्कवरून दोघा-तिघांनी उघडायची सोय तुमच्याकडं असेल, तर तिला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही. ही सोय सुचवणारा पाहुणा आता पुण्याला आयटीत असतो.

एक धोक्याची सूचना. साफसफाईच्या उत्साहात ‘डिलीटेड आयटम्स’ रिकामा करण्याआधी टेबलावरच्या सगळ्यांना विचारा. महत्त्वाच्या मेल तिथंच जपून ठेवणारा एक जण निघतो. इनबॉक्समध्ये हरवतात, इथं कुणी हात लावत नाही, असं त्याचं म्हणणं असतं, आणि अनुभवानं ते खरं ठरलेलं असतं.

दुरुस्तीनंतर डावीकडं ‘लॉस्ट अँड फाउंड’ असा नवा फोल्डर उगवू शकतो. ज्यांचा पत्ता लागला नाही अशा मेल त्यात पडलेल्या असतात. निवांतपणे बघा, हव्या त्या मूळ जागी हलवा. त्यात २०११ सालची ‘सँपल कधी पाठवताय?’ अशी एखादी निघाली, तर आज उत्तर देऊ नका. आधी तो गिऱ्हाईक अजून टॉवेलच्या धंद्यात आहे का ते बघा.