एक इंची नागरिक

एखाद्या वस्तूची लांबी, रुंदी आणि उंची एकाच ठरावीक प्रमाणात घटवून घडवलेल्या वस्तूस प्रमाणबद्ध प्रतिकृती म्हणतात; आणि अशा प्रतिकृती घडवण्याच्या उद्देशाने सुटीच्या दिवशी एकत्र जमून, त्या घडवण्याऐवजी त्यांच्याविषयी चहा थंड होईपर्यंत वाद घालणाऱ्या जाणत्या माणसांच्या समूहास मॉडेलकारांचे मंडळ म्हणतात. प्रमाण फक्त वस्तूला लागू होते, वस्तू घडवणाऱ्याला होत नाही, हा या विषयाचा मूलभूत सिद्धान्त होय. विमान बहात्तर पटींनी लहान होते. त्याला लागणारे तास, त्यावर होणारा खर्च आणि त्यावरून होणारे मतभेद यांपैकी काहीही बहात्तर पटींनी लहान होत नाही. या सिद्धान्ताची पडताळणी कोणत्याही गावी करता येईल, परंतु चंडीगडइतकी सोयीची जागा भारतात दुसरी नाही, कारण हे शहरच मुळात मापपट्टी हाती धरून जन्माला आले आहे.

विमानांच्या प्रतिकृतींत १:७२ हे प्रमाण फार रूढ आहे आणि त्याचे मूळ ब्रिटिश मापांत आहे. सहा फूट म्हणजे बहात्तर इंच, तेव्हा सहा फुटी माणूस या प्रमाणात नेमका एक इंच भरतो, हा हिशेब १९३० च्या दशकात ब्रिटनमधील ‘स्कायबर्ड्स’ या लाकडी आणि त्यांच्यामागून आलेल्या ‘फ्रॉग पेंग्विन’ या प्लॅस्टिकच्या संचांनी जगाच्या गळी उतरवला. इकडे चंडीगडचा वास्तुकार ल कॉर्ब्युझिए याने ‘मॉड्युलॉर’ नावाची पट्टी सिद्ध केली होती, जिच्यात इमारतीची मापे मानवी देहाच्या मापांवरून काढली जात. हा आदर्श मानव आरंभी १.७५ मीटर उंचीचा, म्हणजे बेताचा फ्रेंच गृहस्थ होता. पुढे इंग्रजी गुप्तहेरकथांतील देखणे पुरुष, विशेषतः पोलीस, नेहमी सहा फूट उंच असतात असा युक्तिवाद निघाला, फुटा-इंचांत आकडेही सोयीचे बसू लागले, आणि त्याची उंची १.८३ मीटर ठरली. याचा निष्कर्ष असा की, ज्याच्या मापाने चंडीगडच्या कॅपिटॉल संकुलाचे खांब, सज्जे आणि कठडे बेतले गेले तो माणूस रहस्यकथेतून आलेला असून १:७२ प्रमाणात तो बरोबर एक इंचाचा होतो. विमानाच्या किटबरोबर येणारा प्लॅस्टिकचा वैमानिक उभा केला तर तो या शहराचा सर्वांत मापात बसणारा नागरिक ठरेल. शहराच्या सनदेत व्यक्तींचे पुतळे उभारण्यास मनाई असली तरी एक इंची पुतळ्यांवर अद्याप कोणी हरकत घेतल्याचे दिसत नाही.

शहराच्या उभारणीतही प्रतिकृतींचा वाटा मोठा आहे. वास्तुकारांच्या कार्यालयात ज्ञानी रत्तनसिंग हे कारागीर संकल्पित वास्तूंच्या लाकडी प्रतिकृती घडवत असत. हे कार्यालय सेक्टर १९ मध्ये होते आणि आज तेथे ल कॉर्ब्युझिए केंद्र आहे. मंडळाच्या सभासदांना या इतिहासातून मिळणारा दिलासा मात्र कारागिरीचा नसून दिरंगाईचा आहे. कॅपिटॉल संकुलात नियोजित असलेले राज्यपाल भवन नेहरूंना लोकशाहीच्या दृष्टीने अप्रस्तुत वाटल्याने आराखडा आणि प्रतिकृती यांच्यापुढे कधी गेलेच नाही. वाऱ्याबरोबर फिरणारे ‘ओपन हँड’ हे २६ मीटर उंचीचे शिल्प उभे राहिले ते १९८५ मध्ये, म्हणजे त्याच्या निर्मात्याच्या मृत्यूनंतर तब्बल वीस वर्षांनी. घरच्या माळ्यावर न उघडलेल्या किटच्या खोक्यांची थप्पी लावणाऱ्या सभासदास, ज्याला या वर्तुळात साठेबाज म्हटले जाते, ‘हे सगळे जोडणार कधी?’ असा प्रश्न घरून आला की तो राज्यपाल भवनाचा दाखला देतो. दाखला बिनतोड असतो. प्रश्न तरीही पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत पुन्हा निघतो.

प्रमाणाचे गणित नवख्यास चकवते, म्हणून ते येथे मांडणे आवश्यक आहे. लांबी बहात्तर पटींनी घटली की क्षेत्रफळ ७२ गुणिले ७२, म्हणजे ५,१८४ पटींनी घटते आणि घनफळ ३,७३,२४८ पटींनी. मिग-२१ बिस या लढाऊ विमानाचे भरलेल्या अवस्थेतील वजन सुमारे ८,७०० किलो धरले, तर त्याची १:७२ प्रमाणातील तंतोतंत प्रतिकृती २३ ग्रॅमच्या आसपास भरावी. अशा प्रतिकृतीस कोणी बोटांच्या चिमटीत धरून ‘एवढेसे खेळणे, त्याला तीन महिने?’ असे म्हणाले, तर म्हणणाऱ्याने फक्त घनफळ विचारात घेतलेले असते. उलट दिशेचे गणितही तितकेच बोधप्रद आहे. चंडीगडचा प्रमाणभूत सेक्टर ८०० मीटर रुंद आणि १,२०० मीटर लांब असल्याने त्याची १:७२ प्रतिकृती ११ मीटर रुंद आणि जवळजवळ १७ मीटर लांब होईल. ती मांडायची तर त्या सेक्टरातील एखादी ऐसपैस कोठी रिकामी करावी लागेल आणि नंतर त्या प्रतिकृतीत ती कोठीही रिकामी दाखवावी लागेल. त्यामुळे सेक्टर कोणी करत नाही. वास्तुकलेचे विद्यार्थी तेवढे सनबोर्ड, माउंटबोर्ड, कटर आणि स्टीलची पट्टी घेऊन १:२०० च्या प्रमाणात रात्री जागवतात, आणि मंडळात आले की विमानवाल्यांकडून आपल्या झाडांच्या उंचीविषयी टोमणे ऐकतात.

प्रमाणे एकाहून अधिक असल्यामुळे मंडळात जातिभेदही आहेत. रणगाडेवाल्यांचे प्रमाण १:३५ असते, आणि त्यामागे कोणतेही उदात्त तत्त्व नसून, तामिया या जपानी कंपनीने १९६० च्या दशकारंभी काढलेल्या पँथर रणगाड्यात मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात म्हणून जो आकार धरला त्यातून ते निघाले. रेल्वेवाल्यांचे एचओ हे प्रमाण १:८७ आहे. परिणामी तोच सहा फुटी आदर्श पुरुष रणगाड्याजवळ सव्वापाच सेंटिमीटर, विमानाजवळ अडीच आणि फलाटावर दोनहून जरा अधिक सेंटिमीटर उंच असतो, आणि तिन्ही गटांचे काम एकाच टेबलावर मांडले की युद्ध, उड्डाण आणि प्रवास यांच्यातील माणसाची खरी किंमत आपोआप दिसून येते.

रेल्वेवाल्यांची अडचण खास भारतीय आहे. आपला ब्रॉडगेज रूळ १,६७६ मिलिमीटर रुंद असल्याने एचओ प्रमाणात तो १९ मिलिमीटरहून थोडा अधिक हवा. बाजारात मिळणारा रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचा, युरोप-अमेरिकेतील १,४३५ मिलिमीटरच्या गाड्यांसाठी काढलेला असतो, म्हणून भारतीय गाडीची प्रतिकृती परदेशी रुळावर थोडी अंग चोरून चालते. या अपमानातून सुटण्याचा मार्ग चंडीगडकरांच्या घराजवळच आहे. १९०३ मध्ये सुरू झालेल्या आणि २००८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या कालका-सिमला मार्गाचा रूळ ७६२ मिलिमीटरचा असून ८७ ने भागल्यास तो पावणेनऊ मिलिमीटर भरतो, आणि एन या आणखी लहान प्रमाणासाठी तयार होणारा ९ मिलिमीटरचा रूळ त्याला जवळजवळ चपखल बसतो. रुळाचा प्रश्न असा सुटला की लांबीचा उभा राहतो, कारण ९६ किलोमीटरचा हा मार्ग एचओ प्रमाणातही अकराशे मीटर लांब होतो आणि एकटा बरोगचा बोगदाच तेरा मीटर मागतो. यावर ‘निवडक आकुंचन’ हा शास्त्रसंमत उपाय आहे: महत्त्वाचे ते ठेवावे आणि बाकीचे डोंगर गिळून टाकावेत. त्यानुसार कालक्याहून निघालेली गाडी एक वळण आणि एक बोगदा ओलांडून पलंगाखालून थेट सिमल्यास पोचते. पुण्यात कोथरूडला १९९८ मध्ये सुरू झालेले जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय पाहून आलेला सभासद अशा वेळी फार बोलत नाही. तो फक्त पलंगाची लांबी मोजतो.

आता प्रत्यक्ष बांधणीकडे वळावयास हरकत नाही. किटमधील भाग स्प्रू नावाच्या प्लॅस्टिकच्या चौकटीला लटकलेले येतात आणि ते बारीक कटरने तोडून काढावे लागतात. मिगच्या नाकावरून पुढे आलेली पिटोनळी, म्हणजे हवेचा दाब घेऊन वेग कळवणारी नळी, ही या सर्वांत नाठाळ. तिला चिमट्यात धरून कागदासारख्या पातळ सँडपेपरने तिच्यावरील साच्याची रेघ घासत असताना चिमट्याचा दाब तसूभर अधिक पडला की ती टण् असा आवाज करून निघून जाते. मग मंडळाचे कामकाज स्थगित होते, पंखा बंद केला जातो, मोबाइलचे टॉर्च लागतात आणि बँकेतले अधिकारी, निवृत्त विंग कमांडर व अभियांत्रिकीचे प्राध्यापक अशी वजनदार मंडळी गालिचा हाताने चाचपत गुडघ्यांवर रांगू लागतात. शोधान्ती नळी सापडते. ती गेल्या वर्षी हरवलेल्या दुसऱ्याच विमानाची असते.

रंगकामाचे वेळापत्रक चंडीगडच्या हवामानाने ठरवून दिले आहे. दाबाच्या हवेने रंगाचा फवारा मारणारे एअरब्रश हे यंत्र मे-जूनच्या कोरड्या उष्म्यात वापरल्यास रंग विमानापर्यंत पोचण्याआधीच वाळतो आणि पृष्ठभाग भाकरीच्या पिठासारखा खरखरीत होतो. पावसाळ्यात हवेतील ओल लॅकरमध्ये अडकून चकाकीवर दुधी पटल धरते. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात एनॅमल रंग वाळायचे नावच घेत नाही. उरलेल्या महिन्यांत लग्नसराई असते. म्हणून अनुभवी सभासद वर्षातील फार थोडे दिवस रंगवतो आणि बाकीचे दिवस कोणता रंग द्यावा यावर बोलतो. रंगानंतर येते ती जुनेपणाची कला: धुराचे डाग, ओघळ, उडालेला रंग आणि गंज हे नव्या प्रतिकृतीवर पातळ रंगाने हलक्या हाताने उमटवावे लागतात. यासाठी आदर्श म्हणून शहरातील उघड्या काँक्रीटच्या इमारतींच्या भिंती अभ्यासाव्यात असे ज्येष्ठ सभासद सुचवतात, कारण तेथील पावसाचे ओघळ कोणत्याही ब्रशविना आणि कोणत्याही निविदेविना उमटलेले आहेत.

किट न वापरता पत्रा, तार, रिकामी रिफिल, औषधाच्या गोळ्यांची पाकिटे यांतून सारे उभे करणाऱ्यास मंडळात सर्वाधिक मान असतो, आणि या पंथाचे दैवत चंडीगडातच होऊन गेले. सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्यांचे निरीक्षक असलेल्या नेकचंद यांनी १९५७ च्या सुमारास सरकारी जागेवर, फुटक्या बांगड्या, तुटक्या कपबश्या आणि विजेचे टाकाऊ सामान यांतून एक दुनिया गुपचूप रचायला घेतली; ती उघडकीस येईपर्यंत बरीच वर्षे लोटली आणि १९७६ मध्ये तीच रॉक गार्डन म्हणून लोकांना खुली झाली. नेकचंदांच्या मूर्तींना प्रमाण नाही, तरी मंडळ त्यांना गुरुस्थानी मानते, कारण एवढा मोठा उद्योग इतकी वर्षे सरकारपासून लपवणारा माणूस, कुरिअरने आलेले एक खोके घरात न दिसू देण्याची धडपड करणाऱ्यांना वंद्य वाटणारच.

नोकरीनिमित्त चंडीगडला स्थायिक झालेला मराठी सभासद या सर्वांत वेगळा उठून दिसतो, कारण तो मुळात दिवाळीच्या किल्ल्यांच्या परंपरेतून आलेला असतो. त्या परंपरेत दगड, माती आणि जुने पोते यांचा डोंगर होतो, हळीव पेरून जंगल उगवते, महाद्वारातून आत जाता येणार नाही इतका मावळा उंच असतो, आणि सिंहासनावरील शिवाजी महाराज मावळ्याच्या दुप्पट असतात. यास कोणी चूक म्हणत नाही, कारण तेथे उंची पट्टीने मोजत नसून मानाने मोजतात. अशा सभासदाने आपल्या राजगडावर १:७२ चे सैन्य, १:३५ च्या तोफा आणि १:८७ च्या गाई एकत्र मांडल्या की मंडळात प्रथम शांतता पसरते आणि मग सूचनांचा पाऊस पडतो. सूचना संपल्यावर हळीव कोठे मिळते, अशी चौकशी मात्र एकजात सगळे करतात.

मंडळातील सर्वांत चिवट वाद मिग-२१ चा आहे आणि तो असणे स्वाभाविक आहे, कारण हे विमान भारतीय हवाई दलात आले ते १९६३ मध्ये, चंडीगडलाच उभ्या राहिलेल्या २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधून. या विमानाच्या अनेक आवृत्त्या झाल्या; कॉकपिटच्या मागून शेपटीकडे जाणारा पाठीचा फुगवटा एफएल आवृत्तीत सडपातळ, तर इंधन वाहणाऱ्या बिसमध्ये भरदार असतो, आणि १:७२ मध्ये हा फरक मिलिमीटरांनी मोजावा लागतो. रिव्हेटही मोजून पाहणारे सभासद हा फरक खोलीच्या दारातूनच ओळखतात आणि बसण्यापूर्वी सांगतात. त्याहून कठीण प्रश्न करड्या रंगाचा, कारण तो उन्हात एक, सावलीत दुसरा आणि छायाचित्रात तिसरा दिसतो, आणि विंग कमांडरांच्या आठवणीत चौथा असतो. या वादाचा निकाल धावपट्टीवर जाऊन लावता येईल, अशी आशा निदान तत्त्वतः होती. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडच्याच हवाई तळावर मिग-२१ ला समारंभपूर्वक निरोप देण्यात आला आणि ती आशा संपली. जी विमाने संग्रहालयांत व चौकांत उभी राहतील त्यांच्यावर रंग कोणत्या डब्यातला चढेल, हे ठेकेदार ठरवेल. बासष्ट वर्षांच्या सेवेनंतर विमान निवृत्त झाले, परंतु त्याच्या रंगाविषयीच्या मतभेदास निवृत्तीचे वय लागू नसल्याने पुढील बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर तो विषय, नेहमीप्रमाणे, चहाच्या आधी ठेवण्यात आला आहे.