युवराज सध्या भायखळ्याला असतात

काळा घोडा बघायला भायखळ्याला जायचं, हे साताऱ्याहून आलेल्या भाऊकाकांच्या पचनी पडेना. काळा घोडा फोर्टात असतो, तिथे दर फेब्रुवारीत उत्सव भरतो, असं त्यांनी पेपरात वाचलं होतं आणि पेपरात वाचलेलं काका सहसा मागे घेत नाहीत. उत्सव तिकडे भरत असला तरी घोड्याचा पुतळा १९६५ पासून भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे, असं सांगितल्यावर म्हणाले, "म्हणजे वरात एका गावात आणि नवरदेव दुसऱ्याच!"

आमच्यातला सर्वांत धाकटा सदस्य, चिनू, याला घोड्याशी कर्तव्य नव्हतं. त्याला पेंग्विन हवे होते. तिकीट मोठ्या माणसाला पन्नास रुपये होतं. काका खिडकीशी अडले. "एक पुतळा बघायचे पन्नास?"

"पुतळा फुकट आहे काका," आतून उत्तर आलं. "पैसे पेंग्विनचे."

बाग १८६२ सालची. आत शिरलं की भायखळ्याचे हॉर्न मागे राहतात आणि डोक्यावर गर्द सावली येते. गोरखचिंचेचा बुंधा बघून काका थबकले. दोन्ही हात पसरून तो कवेत घ्यायचा प्रयत्न केला, जमेना, तेव्हा चिनूला पलीकडून हात धरायला लावला. तरी पुरेना. मग वाटेत भेटलेल्या रखवालदाराला विचारलं, "काळा घोडा कुठं आहे हो?"

"घोडा नाय आपल्याकडं. वाघ हाय."

"अहो, पुतळा. घोड्यावर इंग्रज बसलाय तो."

"आसं म्हना की! ऱ्हायलाय तिकडं झाडात."

तर झाडात राहिलेले हे गृहस्थ म्हणजे पुढे सातवा एडवर्ड झालेले प्रिन्स ऑफ वेल्स. १८७५-७६ साली ते हिंदुस्थानात येऊन गेले, त्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी पदरमोड करून पुतळा करवून घेतला. शिल्पकार जोसेफ एडगर बोहम. १८७९ मध्ये तो फोर्टात बसला. एवढा खटाटोप युवराजांसाठी, आणि मुंबईकरांनी अख्ख्या परिसराला नाव दिलं ते घोड्याचं! बरं, २०१७ साली त्याच भागात नवा काळा घोडा बसवला, तोही बिनस्वाराचा. "स्वारावाचून काही अडत नाही, हे कळलं असणार लोकांना," काकांनी निकाल दिला.

बागेलगतच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. तिथला घड्याळाचा मनोरा अल्बर्ट यांचे वडील डेव्हिड ससून यांच्या नावाचा. बापाचं घड्याळ, लेकाचा घोडा. पितापुत्रांनी हा सगळा टापूच अडवून ठेवलाय. पण काका रमले ते संग्रहालयाच्या आवारातल्या दगडी हत्तीपाशी. हा मूळचा घारापुरीचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला. उचलताना हत्ती खाली आला आणि त्याचे तुकडे झाले. पुढे १९१४ मध्ये ते जोडून त्याला इथे उभं केलं. जोडाच्या रेषा जवळून स्पष्ट दिसतात.

काकांनी एका रेषेवरून बोट फिरवलं. "म्हणजे आपला हत्ती यांना नेता आला नाही आणि यांचा घोडा यांच्या चौकात राहिला नाही. दोघं एकाच आळीत!" आणि एवढ्या जोरात हसले की शेजारची शाळेची सहल आमच्याकडे वळून बघू लागली. बाईंनी ओळ सरळ केली.

एव्हाना चिनूने भोकाड पसरलं होतं. पेंग्विनच्या रांगेत काका कपाळाला आठ्या घालून उभे राहिले, पण आत गेल्यावर सगळ्यांत पुढे त्यांचंच नाक काचेला लागलं. हे हम्बोल्ट पेंग्विन, मूळ दक्षिण अमेरिकेचे. २०१६ मध्ये सोलहून मुंबईत आले. एक जण तुरूतुरू खडकावर चढला आणि धपकन पाण्यात पडला. टाळ्या झाल्या.

"यांना एसी," काका हळूच म्हणाले, "आणि तिकडे राजपुत्राला साधा पत्रा नाही. बरं, मला जरा पुढे सरकू दे. तो जाडा परत चढतोय."